अब्बा हिंदीत चिडले

आमच्या आखाडा बाळापूरच्या बाजारात माणूस बोलतो मराठीत आणि चिडतो हिंदीत. काहून, ते कोणी विचारत नाही. भाजीवाली भाव सांगते मराठीत, भांडते हिंदीत. हिंदू असो का मुसलमान, पारा चढला की भाषा बदलते. या एका खोडीपायी माझ्या नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

हे तेव्हा अफगाणिस्तानात होते, परदेशी फौजेच्या छावणीत स्वयंपाकी. राहायचं शहरात आणि रोज सकाळी सामानाच्या गाडीतून छावणीत जायचं. वाटेत नाके. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन टोळ्यांपैकी आज कुठल्या नाक्यावर कुठली उभी आहे, ते तिथं पोचेपर्यंत ड्रायव्हरलाही कळायचं नाही. नाक्यावर बंदुकवाले येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन घेऊन बघत. तेही यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नव्हतं.

सासऱ्यांचा धंदा नालबंदाचा, बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा. पोरगा परक्या फौजेच्या रोट्या भाजायला गेला म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. वर्ष होत आलं होतं. फोन वाजला की उठून अंगणात जायचे. "अब्बा, दोन शब्द तर बोला," मी म्हणायची. ते उगाच चपला शोधत राहायचे.

बाजाराच्या दिवशी मात्र त्यांची जीभ थांबायची नाही. बैल आडवा पाडून पाय बांधले, की समोर त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त येऊन बसायचे, मेंढरंवाले मामा. आम्ही घरात दखनी, म्हणजे आमची मुसलमानी हिंदी बोलतो, पण या दोघांची सगळी दोस्ती मराठीत गेलेली. नाल ठोकता ठोकता दोघं अफगाणिस्तानचा निकाल लावायचे.

"शेतकरी बोलावतो तवा तू त्याच्या शेतात मेंढरं बसवतो," अब्बा म्हणायचे. "खत पडलं की उठतो. ह्या फौजेला कोनी बोलावलं? काहून बसून राहिली?"

"बराबर हाय," मामा म्हणायचे. "पर त्या टोळ्या म्हंजी एका बांधावरची भावकी. मधला मानूस उठला की त्याच सांजेला कुऱ्हाडी निघतील. मंग?"

"निघू दे. त्यांचा बांध, त्यांच्या कुऱ्हाडी."

"आन तुझं पोरगं?"

यावर अब्बा हातोडा जोरात मारायचे. मी डबा घेऊन गेले की हे कानावर पडायचं. दोघांचंही खरं होतं ना! फौज राहिली तर फौजेचा स्वयंपाकी म्हणून यांना मारतील, उठली तर दोन टोळ्यांच्या मधे सापडतील. ज्याला बघावं तो चहा पीत फौजेला ठेवत नाहीतर हाकलत होता. जीव माझ्या माणसाचा जाणार होता.

एका बाजाराला बैलाचा मालक मधेच बोलला, "चाचा, तुमचं पोरगं तर फौजेचंच मीठ खाऊन राहिलं. तुमी कशाला बोलता?" झालं! अब्बा हातोडा घेऊन उठले आणि हिंदीत सुटले. आधी परदेशी फौजेचा उद्धार केला, मग दोन्ही टोळ्यांचा, नावं घेऊन. "बाहरवाले भी चोर और ये दोनों भी कसाई! अपनेच लोगां को काटते!" कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला.

मी तो चुलीपुढं पाहिला. आधी हसले. मग आठवलं, यांचा नंबर त्या ग्रुपवर आहे. आणि तिकडं उर्दू समजणारे पुष्कळ आहेत, हे यांनीच सांगितलं होतं. तव्यावरची भाकरी जळाली, मी फोन लावत राहिले. बंद. परत लावला, बंद.

तशीच पळत बाजारात गेले. "अब्बा, ये क्या कर दिए तुम? वहाँ फोन देखते! वहाँ सबकू समझता!" भर बाजारात सासऱ्यावर ओरडणारी सून म्हणून माझं नाव झालं असेल. होऊ दे. अब्बांच्या हातातला हातोडा खाली आला. बैलाचे दोन पाय व्हायचे राहिले होते. त्यांनी अर्धवट सोडलेलं ते पहिलंच काम. "गड्या," मामा म्हणाले, "मराठीत शिव्या दिल्या असत्या तर काय जीभ झडली असती तुझी?" कोणी हसलं नाही, मामाही नाही.

व्हिडिओ काढून टाकायला लावला, पण यांच्या फोनमधून तो कोण काढणार? रात्रभर फोन बंद. अब्बा भिंतीला टेकून बसलेले, पाण्याला शिवले नाहीत. मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांचा फोन आला. काल छावणीतून परतताना नाक्यावरच्या बंदुकवाल्या पोरानं यांच्या फोनवर तोच व्हिडिओ लावला होता. फौजेला शिव्या ऐकून खूश झाला, "कोण हा?" म्हणाला. हे म्हणाले, माझा बाप. त्यानं ऐकायला बाकीच्यांनाही बोलावलं. आणि टोळ्यांचा नंबर लागायच्या आत फोनचं चार्जिंग संपलं. शहरात लाइट नव्हती. पुढचं ऐकायला त्यानं फोन ठेवून घेतला आणि सकाळी तसाच, बंदच, परत दिला.

"व्हिडिओ आल्या आल्या पुसला काहून नाही?" मी ओरडले. मग हे म्हणाले, "अब्बा की आवाज थी. साल हुआ, सुना नै था."

स्पीकर चालू होता. अब्बांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता रागावतील. बाप-लेक जन्मात कधी एकमेकांशी मराठी बोलले नव्हते. अब्बा मामांसारखं मराठीत म्हणाले, "लेकरा, जेवला का? भाकर मिळते का तिथं?"

"व्हय, अब्बा," हे म्हणाले. "मिळते."

त्यानंतर अब्बा रोज आवाज भरून पाठवायचे, मराठीत. कोणाचा बैल आला, मामाची मेंढी व्याली. कुठं हिंदीत काही सुटलं तर नाही ना, म्हणून पाठवायच्या आधी प्रत्येक निरोप मी शेवटपर्यंत ऐकायची, त्या नाक्यावरच्या पोरासारखी. खाली लिहायची, ऐकला की पुसून टाका. हे 'व्हय' म्हणून कळवायचे. तरी रोज सकाळी गाडी नाक्यावर पोचायच्या वेळेला मी हातातलं काम टाकून फोन धरून बसायची.

हे परत आले, त्या दिवशी मी यांचा फोन उघडला. एकही निरोप पुसला नव्हता. आणि सगळ्यांच्या वर तो व्हिडिओ, हातोडा घेतलेल्या अब्बांचा. माणूस समोर बसून चहा पीत होता आणि मी तो फोन किती नाके पार करून आला, ते मोजत होते. मग अशी चिडले की शेजारपाजारचे दारात आले. सगळं हिंदीत.