आता कोण मरणार?

"थांबा. आता कोण मरणार, सांगा."

पडद्यावरचा सिनेमा मध्येच थांबवायचा, खोलीतले दिवे लावायचे आणि वर्गाकडं वळून हे विचारायचं, ही सरांची सवय. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते. माझी कविता ऐन रंगात आली की भिंतीपलीकडून हा प्रश्न यायचा. माझी पोरं हसायची, मी चिडायचे.

सर मीडियाच्या पोरांना सिनेमाचे प्रकार शिकवत. प्रत्येक प्रकाराची रीत ठरलेली असते, म्हणत. युद्धपटात जो जवान खिशातून बायकोचा फोटो काढतो, तो गेलाच समजा. भयपटात 'मी एकटाच बघून येतो' म्हणणारा परत येत नाही. पोरं आधीच ओरडायची, "गेला!" सर खूश व्हायचे.

"प्रेक्षक येडा नसतो," म्हणायचे. "त्याला कळलेलं असतं. तरी तो बसतो."

कन्नडहून रोज एसटीनं यायचे. नेमणूक तासिकेवर, म्हणजे दरवर्षी नव्यानं. कधीतरी कायमची जागा निघेल, या आशेवर माणसानं डोक्याचे केस पांढरे केले. यंदा ती निघाली. मुलाखत सोमवारी. सर इतके हरखले, की स्टाफरूममध्ये दिसेल त्याला सांगत सुटले: इथंच खोली घेणार, आईला आणणार, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन करणार.

आणि शनिवारी संस्थेच्या कार्यक्रमात अचानक सरांचा सत्कार! शाल, श्रीफळ, वर फेटा. अध्यक्ष म्हणाले, हा आमच्या संस्थेचा हिरा. असे सत्कार तुम्हीही पाहिले असतील. तासिकेवरच्या माणसाला आमच्याकडं कुणी चहा विचारत नाही, फेटा कुठला? कुणाला काढायचं ठरलं की आधी शाल घालतात, हे आमच्या शिपायालाही ठाऊक. सर मात्र फेटा सावरत हसत होते. पहिल्या रांगेत त्यांची आई होती, सत्कारासाठी मुद्दाम कन्नडहून आणलेली. तिला धड दिसत नाही. सर खाली आले तेव्हा तिनं फेटा हातानं चाचपून पाहिला.

माझ्या शेजारी त्यांची एक विद्यार्थिनी ओढणीनं डोळे पुसत होती. पाचोडची पोर. काय झालं गं, मी विचारलं.

"सर गेले, मॅडम," ती म्हणाली. "त्यांनीच शिकवलंय."

सोमवारी जागा अध्यक्षांच्या जावयाला मिळाली. वाटोळं होवो मेल्यांचं.

दुसऱ्या दिवशी सर कपाट रिकामं करायला आले. मला राहवलं नाही. म्हटलं, सगळ्या जगाचं ओळखता, ती शाल तेवढी ओळखता आली नाही?

"ओळखली की, मॅडम. स्टेजवर चढतानाच ओळखली," ते म्हणाले. "पण समोर आई बसली व्हती."

आता शेजारी सिनेमा सलग चालतो. दिवे कुणी लावत नाही. माझी कविता बिनघोर पूर्ण होते, आणि तरी मी मध्येच थांबते.