वैशाखात बघितलेलं घर

तिसऱ्या वळणावर उज्वलाने छत्री मिटली. तिने ऊन अडत नव्हतं आणि हात मात्र दुखायला लागला होता. पुढे मैनाआते चालली होती. डोक्यावर बाजाराची पाटी, पायात रबरी चप्पल, आणि तोंडाला उसंत नाही. पोलादपूरहून आलेल्या एसटीने दोघींना घाटातल्या फाट्यावर सोडून बराच वेळ झाला होता. आता कुडपणच्या अंगाने वरच्या वाडीपर्यंत नुसता चढ.

"आते, भरतची जीप आहे ना? मग फाट्यावर का नाही आली?"

"बिघडलीय," मैनाआते मागे न बघता म्हणाली.

"काय झालंय तिला?"

"त्यातलं मला काय कळतंय गो? बिघडलीय म्हणायचं, एवढंच मला सांगितलंय."

उज्वलाने पदराने मान पुसली आणि चालत राहिली. ती महाडला दिलेली, माहेर नाते गावचं. मैनाचंही माहेर तेच, म्हणून मैना तिची गावाच्या नात्याने आते. उज्वलाच्या थोरल्या भावाची मुलगी सेजल महाडला औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि मैनाआतेचा मुलगा भरत मुंबईची नोकरी सोडून गावी येऊन जीप चालवत होता. दोघांचं जुळवायचं चाललं होतं. शनिवारी सगळी मंडळी घर बघायला येणार होती. त्याआधी भाऊ म्हणाला, "तू एकदा जाऊन ये. आम्ही पुरुष ओटीवर बसून चहा पिऊन येतो. तू चुलीपासून न्हाणीपर्यंत बघशील."

बघण्यासारखं अजून एक होतं. भरतचं एक लग्न मोडलं होतं. ते कुणी लपवलं नव्हतं. पण का मोडलं असं विचारलं की वाडीतून एकच उत्तर यायचं, "पटलं नाय." कुणाला कोण पटलं नाही, ते कळत नव्हतं. ते कळल्याशिवाय उज्वला खाली उतरणार नव्हती.

मग खिंड आली.

खिंडीत पाऊल टाकलं आणि समोरून असा वारा आला की घामाने चिकटलेलं पोलकं पाठीपासून सुटलं. जांभळाखाली एक सपाट दगड होता. शेजारी शेंदूर फासलेला देव. मागे झरा, आणि झऱ्याच्या कडेला तांब्याचा तांब्या, चिंचेने घासून लखलखीत केलेला. उज्वलाने देवाला हात जोडले आणि ती दगडावर टेकली. मैनाआतेने पाणी दिलं. दात शिवशिवले.

"काय हवा आहे गो आते," उज्वला डोळे मिटून म्हणाली. "खाली अंगाची काहिली होते. इथे राहणारा माणूस सुखी."

मैनाआतेने पाटी खाली ठेवली आणि ती हसायला लागली. "बोललीस."

"काय बोलले?"

"तेच. ह्या दगडावर बसलं की माणूस हेच बोलतो. माझा बाप बोलला. निशिगंधाचा बाप बोलला. शब्दसुदीक बदलत नाय मेल्यांचे."

निशिगंधा म्हणजे भरतची पहिली बायको. उज्वलाने डोळे उघडले.

वाडीची रीत अशी होती. मुलीकडच्या माणसांनी यायचं ते वैशाखातच, आणि चढायचं ते पायीच. खाली महाड-पोलादपूर तव्यासारखं तापलेलं असतं. त्यात चढ चढून पाव्हण्याचा जीव कासावीस झाला की त्याला ह्या दगडावर बसवायचं, झऱ्याचं पाणी द्यायचं आणि गप्प राहायचं. पुढचं काम वारा करतो. पाव्हणा घाम पुसतो, आभाळाकडे बघतो आणि पोरीला इथं सुख लागेल असं मनाशी ठरवून उठतो. घर, गोठा, न्हाणी हे सगळं मग नावाला. जीपने आला तर घाम येत नाही, आणि घाम नसला तर वाऱ्याला कोण विचारतो?

"म्हणजे जीप..."

"घराच्या मागं उभी हाय. ताडपत्रीखाली. आमच्या म्हाताऱ्याची, भरतच्या बापाची शक्कल. तांब्या घासायचं काम तेवढं माझ्याकडं."

उज्वलाला देवाकडे बघवेना. ह्या कारस्थानात त्यालाही दगडाशेजारी साक्षीला बसवला होता.

"पण आते, पावसात, थंडीत कोणी बघायला येत नाही का?"

"येतील कसे? आषाढी झाली की चार महिने लग्नाचं नाव नाय. पौषात शुभकार्य नाय. मधी मार्गशीर्ष आणि माघ ऱ्हातो, तर तेव्हा आमच्याकडं कोणाच्या तरी घरी सुतक असतं. नसलं तर लांबच्या भावकीतलं काढायचं. पंचांग लिवणारा मूळचा आमच्या वाडीचाच असणार गो."

उज्वला रोज पोथी वाचणारी बाई. पंचांगाची अशी थट्टा तिला बोचली. पण हसू आलं ते आलंच.

मैनाआतेने पाटी उचलली. पुढची वाट सपाटीची होती आणि तिची गोष्ट त्या वाटेला पुरेल एवढी होती.

तिचा बाप नाते गावचा, गांधारी नदीच्या काठचा. भाताची खाचरं, दारात बैल, आणि वैशाखात घरात बसवत नाही एवढा उकाडा. तो ह्या दगडावर बसला, पाणी प्याला, मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि सोबतच्यांना म्हणाला, "माझ्या मैनेचे पाय इथं पोळायचे नाहीत." तिथेच शब्द देऊन मोकळा झाला. मैनाला कोणी विचारलं नाही. त्या काळी मुलीला विचारायची पद्धत नव्हती, आणि विचारलं असतं तरी थंडी म्हणजे काय ते तिला कुठे माहीत होतं?

पाय पोळले नाहीत, ते बापाचं खरं ठरलं. फाटले. टाचांना अशा भेगा पडल्या की कोकमाचं तेल गरम करून भरावं लागायचं, आणि ते भरताना ती बापाचं नाव घ्यायची. आशीर्वादाला नव्हे.

वैशाखात नवरी होऊन आली तेव्हा ती खुशीत होती. भर दुपारी गोधडी घेऊन झोपता येतं, हे बहिणींना किती सांगू असं झालं होतं. मग आषाढ आला. ढग पुढच्या दाराने आत शिरला, स्वयंपाकघरात बसला आणि भाद्रपद संपेपर्यंत उठला नाही. मिठाचं पाणी झालं. काडेपेटी चुलीजवळ ठेवली तरी काडी पेटेना. लुगडी चुलीवरच्या माळ्याला टांगायची. ती वाळायची नाहीत, पण धुराने पिवळी व्हायची. मग पौष आला. वेणी घालायला म्हणून तिने बाटली उलटी केली तर खोबरेल दगड झालेलं. कोणीतरी आपली थट्टा करायला बाटलीत मेण भरलंय असं वाटून ती रडली. सासू म्हणाली, "रडतेस काय? काखेत धर बाटली. विरघळलं की मलापण दे."

"आणि बर्फासारखं पाणी कोण भरायचं?" उज्वलाने विचारलं.

"नवी सून भरायची. जुन्या सुनेच्या टाचा फाटलेल्या असतात ना."

"मग थंडीचे फायदे काहीच नाहीत?"

"हायेत की. तू महिला मंडळाच्या अंकात लिवतेस ना? मंग हेपण लिव. मच्छर नाय. दूध नासत नाय. आणि मेलेला माणूस मुंबईवरनं पोरं येईस्तवर टिकतो. सासू पौषात गेली. दोघं धाकटे दीर दुसऱ्या दिवशी आले, तर सासू होती तशी. खाली नाते गावात हे जमलं असतं?"

तेच दीर आणि जावा आता दर मे महिन्यात येतात. ओटीवर लोळतात, एसी लावल्यासारखं वाटतं म्हणतात, फोटो काढून पाठवतात. पहिला ढग खिंडीवर दिसला की बॅगा भरतात. नाचणी, फणस, आमसुलं घेतात आणि निघताना म्हणतात, "वहिनी, तुम्ही नशीबवान." मैनाआते म्हणते, "मंग दे तुझी डोंबिवलीची खोली आणि घे माझं नशीब." त्यावर सगळे खूप हसतात आणि जीपमध्ये बसतात. त्यांना न्यायला जीप कधी बिघडत नाही.

"खरं सांगू?" मैनाआते जरा हळू झाली. "आता मला खालीपण जमत नाय. मागं वैशाखात माहेरी गेले, तर एका रात्रीत जीव नकोसा झाला. पंख्याखाली बसून भावजयीला म्हटलं, कसं गो ऱ्हाता तुम्ही? एवढं आयुष्य थंडीला शिव्या दिल्या आणि थंडीशिवाय झोप येत नाय. पण मला एवढं व्हायला किती वर्षं लागली? निशिगंधाला तीन महिने दिले आम्ही."

मग ते निघालं.

निशिगंधा वैशाखातच आली. पोलादपूरच्या बाजूची, हसरी. चुलीपुढे गाणी म्हणायची. आषाढात गाणी थांबली, खोकला सुरू झाला. नागपंचमीला रीतीप्रमाणे माहेरी गेली. आईने जवळ घेतलं तर अंगाला धुराचा आणि बुरशीचा वास. पिशवीतली लग्नाची साडी काळ्या ठिपक्यांनी भरलेली. ती परत आलीच नाही. मैनाआते आणायला गेली, त्यांच्या ओटीवर दिवसभर बसली. संध्याकाळी ती पोर बाहेर आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही वाईट नाही. हेपण वाईट नाहीत. पण तुमच्या घरात मी एक दिवस सुकले नाही."

"मी काय बोलणार?" मैनाआते म्हणाली. "खोटं असतं तर भांडले असते."

समोर घर आलं.

ओटीवर भागोजीमामा बसले होते, मैनाआतेचे यजमान. वैशाखाच्या दुपारी डोक्याला कानटोपी, खांद्यावर शाल, शेजारी शेगडी.

"या ताई, या. दमलात? पण खिंडीत बरं वाटलं असेल," ते म्हणाले आणि उज्वलाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"वाटलं," उज्वला म्हणाली.

मामा खूश झाले. "वाटणारच. ही हवा औषध हाय. आमच्याकडं नव्वदीचे म्हातारे हिंडतात. थंडी माणसाला काटक करते. मैना, जरा निखारे आण गो शेगडीत, वारा सुटलाय."

मैनाआतेने पाटी उतरवली नव्हती. ती तशीच आत गेली आणि निखारे घेऊन आली. थंडीने मामांना काटक केलं होतं ते बसल्या जागी. पौषात ते सूर्य खळ्यात आल्याशिवाय गोधडीबाहेर येत नसत, आणि गोधडीतून थंडीचं कौतुक करत.

उज्वलाने घर बघितलं. चूल बघितली. न्हाणी बघितली, तिला दारच नव्हतं, नुसतं गोणपाट. मागल्या दारी गेली तर निळ्या ताडपत्रीखाली जीप, आणि तिच्याशेजारी हातात फडकं घेऊन भरत. ताडपत्रीबाहेर राहिलेलं चाक तो पुसत होता. तिला बघून त्याने फडकं पाठीमागे नेलं.

"काय झालंय गाडीला?" उज्वलाने विचारलं.

ओटीवरून मामा ओरडले, "पाटा तुटलाय. शनिवारीपण व्हायची नाय ती. तुम्ही सावकाश चालत या."

भरत जमिनीकडे बघत राहिला. तो खोटं बोलला नाही, खरंही बोलला नाही. पण त्याचे कान लाल झालेले उज्वलाने बघितले आणि तिला ते बरं वाटलं.

चहा झाला. उतरताना सोबत म्हणून मैनाआते खिंडीपर्यंत आली. ऊन कलतं झालं होतं. येतानाचा गोड वारा आता टोचत होता आणि उज्वलाने पदर कानावरून घेतला. ते बघून मैनाआतेला हसू आलं, पण ह्या वेळी तिने चिडवलं नाही. दगडावर तिने उज्वलाला बसू दिलं नाही.

"पोरगा चांगला हाय," ती म्हणाली. "मी आई म्हणून सांगत नाय. मुंबईत जीव रमला नाय म्हणून आला, पळून नाय आला. पण त्याची बायको परत गेली तर तो दुसऱ्यांदा उठायचा नाय. आणि मलापण दुसऱ्यांदा कोणाच्या ओटीवर बसायचं नाय."

"मग काय करू, आते?"

"शनिवारचं मोड. पोरीला अडचण आली म्हण. ती काय कोणी बघायला येत नाय. आणि पौषात आण तिला."

"पौषात घर बघायला? दादा तयार होईल का? आणि मामा?"

"घर बघायला कोण म्हणतंय? आमच्या काळकाईच्या दर्शनाला आण. देवीच्या पाया पडायला मुहूर्त लागत नाय, आणि देवीच्या कामाला म्हातारं नाय म्हणायचं नाय. भरत येईल फाट्यावर जीप घेऊन, ते मी बघते. दगडावर बसवू नको. एक रात्र ऱ्हाऊ दे. पहाटे पाणी तिलाच भरू दे, तेलाची बाटली तिलाच उलटी करू दे."

"आणि नको म्हणाली तर?"

"तर भरत आज हाय तसाच ऱ्हाईल." मैनाआतेने झऱ्याकाठचा तांब्या उचलला, आतलं पाणी देवावर घातलं आणि रिकामा तांब्या बगलेत धरला. "एवढं माझं कर, उज्वला. मी बोलले असं कोणाला सांगू नको. आणि पोरीला येताना स्वेटर देऊ नको. माझी घोंगडी मी देईन तिला. पण पहाट बघून झाल्यावर."