मारुतीसमोरचे राहिलेले दोन फेरे

सहा वर्षं झाली, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. भीती भुताची नव्हती... गोष्ट सांगायची तर आधी माझं खोटं सांगावं लागतं, म्हणून टाळत आलो. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. आणखी किती टाळणार?

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पाटोद्यात चाळीस वर्षं बँड चालवला. अंगात येणाऱ्यांसमोर पुष्कळ वाजवलंय. आपण ठेका थांबवला की बहुतेकांचं वारं उतरतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझ्या बँडमध्ये किसन सॅक्सोफोन वाजवायचा. नारायणगडाजवळच्या एका खेड्यातला, गळ्यात तुळशीची माळ. तरुणपणी मुंबईतल्या हॉटेलात गोव्याच्या एका वादकाच्या हाताखाली शिकला आणि वडील गेल्यावर गावी परतला. तो वाजवायचा त्याला जॅझ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मी विचारायचो, "गाणं सोडून कुठं जातोस बे?" तो हसायचा. "मास्तर, गाणं म्हंजी घर हाय. जरा शिवारात हिंडून येतो. जेवायच्या येळेला परत येतो का न्हाई?"

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो. त्याला परण्या म्हणतात. तो देवळात असेपर्यंत बँडनं बाहेर वाजवत राहायचं असतं. तेव्हा बँडकडे कुणाचंच लक्ष नसतं. ती दहा मिनिटं किसनची असायची. गाण्याच्या एकेका आवर्तनाला तो फेरा म्हणायचा. फेऱ्यामागून फेरा घेत गाणं सोडून कुठल्या कुठे जायचा आणि आमच्या रहीमभाईंच्या साइड ड्रमवर नेमका समेवर येऊन पडायचा. रहीमभाई म्हणायचे, "याच्यासाठी वाजवतो मी. बाकी सगळी हमाली."

सिरसाळ्याचं ते लग्न एका बड्या घरचं होतं. त्या दिवशी किसन फार लांब गेला. असं वाजवणं मी आधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते कळलंही नाही. वाटलं, हा गाणं विसरला. इतक्यात नवरदेव देवळातून बाहेर आला, तरी याचं चालूच. नवरदेवाचा बाप माझ्यावर धावून आला. "ओ मास्तर, लग्न हाय का मयत? कावून रडवतंय ते?"

त्यांच्या भावकीतली त्या साली अजून चार लग्नं माझ्या बँडकडे होती. मी हात जोडले. "मालक, माफ करा. प्यालाय तो."

आणि किसनच्या तोंडातून सॅक्सोफोन ओढला. त्याचा ओठ फुटला. तो एवढंच बोलला, "मास्तर, दोनच फेरे राहिलते."

किसन दारूला शिवत नव्हता. पण 'माळ घालून पितो' ही गोष्ट परळीपासून पाटोद्यापर्यंत गेली. त्याला पुन्हा कुठल्याही बँडनं उभं केलं नाही. मी ते खोटं कधी खोडलं नाही. शेवटची अकरा वर्षं तो दुसऱ्यांची शेरडं वळत होता. त्यातच गेला.

आता सहा वर्षांपूर्वीचं. पुन्हा सिरसाळा, तोच मारुती. पुतणीच्या नात्यातलं लग्न. भर दुपार, चैत्राचं ऊन. बँड नव्हता, डीजे होता. नवरदेव देवळात गेला आणि डीजेचा जनरेटर बंद पडला. मी आणि रहीमभाई लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो.

आणि सॅक्सोफोन सुरू झाला.

देवळाच्या पायऱ्यांकडून येत होता. तिथं कुणी नव्हतं. पहिल्या चार सुरांतच मी ओळखलं. तेच गाणं, गाण्यातून बाहेर पडायची तीच जागा. मी रहीमभाईंकडे पाहिलं. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती.

"रहीमभाई, हे..."

"बोलू नका मास्तर. मोजू द्या."

शेजारी शेळ्या घेऊन टेकलेली एक बाई मान उंचावून म्हणाली, "लई ग्वाड वाजवतंय. कोन हाय ओ? दिसंना तं कुनी."

त्या दिवशी मी सॅक्सोफोन ओढला होता, ती जागा आली. सूर थांबला नाही, पुढे गेला. पहिल्या फेऱ्यात तो इतका वर चढला की मला वाटलं, आता परत येणं नाही. दुसऱ्या फेऱ्यात एकेक सूर उतरत, वळत, ज्या गाण्यातून निघाला होता त्याच गाण्यात अलगद येऊन बसला. रहीमभाईंची थाप आणि शेवटचा सूर एका क्षणी पडले. जन्मभर वाजवलं, पण असं काही माझ्या कानांवर कधी पडलं नव्हतं. ह्याला मी दारू म्हणालो होतो!

जनरेटर धडधडला, डीजे सुरू झाला. आम्ही दोघं देवळाभोवती फिरलो. कुणी नाही. मांडवातल्या लोकांना विचारलं, तर कुणी काही ऐकलंच नव्हतं. कुणाच्या मोबाइलवर वाजलं म्हणावं, तर किसनचं वाजवणं कधी रेकॉर्ड झालं नाही. आणि ते दोन फेरे तर त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. रहीमभाई डोळे पुसत म्हणाले, "बराबर समेवर आला मास्तर." तेही आता राहिले नाहीत. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी किसनच्या गावी गेलो. त्याची मुलगी शालन तिथंच असते. तिनं पाट मांडला, चहा दिला. म्हणाली, "काका, बाबा तुमचं नाव लई मानानं घ्यायचे. मास्तरनं मला दहा मिन्टं दिली, म्हनायचे. दुसऱ्या कुनी दिली न्हाईत."

मी चहा प्यालो. पाऊसपाण्याचं विचारलं. तिच्या पोरांची शाळा विचारली. ती रस्त्यापर्यंत सोडायला आली, एसटी येईपर्यंत उभी राहिली... आणि मी हात हलवून गाडीत बसलो. एवढंच सांगायला गेलो होतो — शालन, तुझे बाबा त्या दिवशी प्यालेले नव्हते. खोटं मी बोललो. मला माफ कर.