डोकी चारच भरली

ही गोष्ट मी चार वर्षं टाळत आलो. घरात कुणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठतो. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना चुकीची माहीत आहे. माझ्यामुळे चुकीची माहीत आहे. म्हणून ती मीच दुरुस्त करायला हवी. अडचण अशी की सांगायला बसलो की माझाच गोंधळ उडतो. त्या दिवशी काय काय झालं ते मला पाठ आहे. मी तसं का केलं, ते अजून कळत नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो, चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर दारव्ह्यातच राहिलो. मुलगा पुण्याला. कोरोनाची भीती पुरती गेली नव्हती, त्या दिवाळीत तो, सून आणि दोन मुलं असे आले ते भाड्याची एक मोठी गाडी घेऊन. नात नऊ वर्षांची, नातू पाच-सहा वर्षांचा. गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात हे नातवानं मला तीनदा सांगितलं. आत एक पलंग खाली, एक माळ्यासारखा वर, गॅसची शेगडी, भांडी घासायला बेसिन आणि कोपऱ्यात पडद्यामागे संडास. हॉटेलात उतरायला नको, गाडीतच राहू, पुसद-उमरखेडवरून सहस्रकुंडाचा धबधबा पाहून येऊ, असा मुलाचा बेत होता.

गल्ली लोटली बघायला. शेजारच्यांनी विचारलं, "दवाखान्याची गाडी हाय का हे?" माझी बायको आत शिरली, पडदा बाजूला करून पाहिला आणि तशीच मागे फिरली.

"अवो, इथंच सैपाक आन इथंच हे?"

"आई, ते बंद असतं. वास येत नाही अजिबात," सून म्हणाली.

"वासाचं नाई म्हणत मी. माह्या डोळ्यादेखत कोनी त्या पडद्याआड गेलं, त मी पोळी लाटणार नाई. सांगून ठेवतो."

आणि तिनं पडद्याला सेफ्टी पिन लावून टाकली. पुढचं सगळं त्या पिनेमुळे झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो.

मुलगा शेवटी कंडक्टरचाच. त्यानं बाजारातून पितळी घंटी आणली, स्वतःच्या सीटजवळ टांगली आणि सुतळी छताखालून मागच्या दारापर्यंत ओढून आणली. जुन्या एसटीत असायची तशी. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. "बाबा, तुमचं डबल आल्याशिवाय गाडी हलणार नाही," तो म्हणाला. मुलांना मजा वाटली. मला काय वाटलं ते मी कुणाला दाखवलं नाही. त्या वेळी एसटीचा संप चालू होता. डेपोचं फाटक बंद, आत गाड्या धूळ खात उभ्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी मी रोज सकाळी त्या फाटकापर्यंत जाऊन यायचो.

तर निघालो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, तुरी कमरेच्या वर. मुलगा गाडी चालवत होता, सून त्याच्या शेजारी मोबाईलवर रस्ता बघत होती. पुढे एसी होता म्हणून मध्ये जाड पडदा सोडलेला. मागे आम्ही दोघं म्हातारे आणि मुलं. मी दारापाशी बसलेलो. कुठेही थांबलो की निघताना मी डोकी मोजायचो. कंडक्टर ड्रायव्हरला मोजत नाही, स्वतःलाही नाही. सून, बायको, नात, नातू. चार. दोन ठोके. दिग्रसला चार, पुसदला चार. नातू ओरडायचा, "आजोबा, अजून एकदा!"

पुसद सोडल्यावर एका फाट्यावर मुलानं गाडी बाजूला घेतली. त्याला फोन आला होता. प्रवासी निवाऱ्यात दोन-तीन माणसं बसली होती, त्यांच्या मागे कपाशी. नात माझ्याजवळ आली आणि अगदी कानाशी लागून म्हणाली, "आजोबा, मी जाऊन येते. लगेच." पिन लागलेली होती, तेव्हा कुठे जाते हे मला कळलं. मोठ्यानं बोलायची तिला लाज वाटली असणार. मी मान हलवली. ती उतरून निवाऱ्याच्या मागच्या बाजूला गेली.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मी मान हलवली.

तेवढ्यात एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन दाराशी आली. "भाऊ, उमरखेड जाते का हे गाडी?"

ही बस नाही, असं मी सांगायला हवं होतं. पण चौतीस वर्षं ज्या प्रश्नाला हो म्हटलं, त्याला माझ्या तोंडून नाही निघालं नाही. "जाते ना, बसा," मी म्हणालो. तिचं गाठोडं वर घेतलं. ती पलंगावर टेकली आणि इकडे तिकडे पाहून म्हणाली, "मोठी सोय केली बाई सरकारनं!"

माझी बायको हसून हसून खोकायला लागली. मग दोघींचं जमलं. म्हातारी लेकीकडे दिवाळीला निघाली होती, दोन दिवस फाट्यावर येऊन परत जात होती. संप कधी मिटणार, मला विचारत होती. मला, जणू मलाच ठाऊक. मी सांगत होतो. आमच्या वेळी कसं होतं, या रस्त्यावर कोणती गाडी कधी लागायची, सगळं. किती वेळ बोललो कोण जाणे. पुढून मुलाचा आवाज आला, "बाबा, निघायचं का?" नातू वरच्या पलंगावरून ओरडला, "डबल!"

मी मागे वळून मोजलं. पुढच्या जाड पडद्याखालून सुनेची चप्पल दिसत होती. बायको, म्हातारी, वर नातू. चार.

दोन ठोके दिले.

साठ-साठ माणसांच्या गर्दीत माझं एक डोकं कधी चुकलं नव्हतं. इथेही चुकलं म्हणता येत नाही. डोकी चारच भरली.

आठ-दहा किलोमीटर गेलो असू. नातू खाली उतरला, बेसिनखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई कुठे लपलीय?"

त्यानंतरचं सगळं एकात एक मिसळलेलं आहे. बायको माझ्याकडे बघते आहे. मी सुतळी ओढतो आहे, एकदा की तीनदा, माहीत नाही. सून पडदा ओढून मागे आली आणि तिनं संडासाच्या पडद्याची ती पिन तोडून आत पाहिलं. मुलानं गाडी वळवायला घेतली तर रस्ता पुरेना, मागून ट्रक हॉर्न देत होते. आणि कुणालाच आठवेना की आपण थांबलो होतो कुठे.

"हातपंप होता. डावीकडे," सून म्हणाली.

"उजवीकडे होता. बाबा, कोणता फाटा होता तो? तुम्हाला माहीत असेल ना."

मला माहीत नव्हतं. त्या रस्त्यावर मी वर्षं काढली होती. पण रस्ता रुंद झाला, माझ्या ओळखीची झाडं गेली, आणि निवारे सगळे एकाच रंगाचे. एका फाट्यावर थांबलो, कुणी नाही. पुढच्यावर थांबलो, तिथे शेळ्या. सून रडायला लागली. म्हातारी मघापासून काहीतरी सांगत होती, कुणी ऐकत नव्हतं. शेवटी ती ओरडलीच, "अरे बापू, मी जिथून बसलो तिथंच राह्यली असन ना ते पोरगी! माहाच फाटा हाय तो. चाल, मी दाखवतो."

मुलानं गाडी तिच्या सांगण्यावर घेतली. ती रस्ता सांगत होती. मध्येच माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "भाऊ, ते पोरगी तुमच्याशीच बोलून उतरली ना? मी पाह्यलं."

मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ती उजव्या बाजूला बसली होती. तरी मी ऐकू न आल्यासारखं केलं.

नात निवाऱ्यात बसलेली होती. कापूस वेचणाऱ्या दोघी बाया ओटीतला कापूस तसाच ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. ती रडत नव्हती. गाडी थांबली तशी ती उठली आणि आधी माझ्याकडे बघितलं, आईकडे नाही. मुलानं उतरून तिला उचललं, छातीशी धरलं आणि मग खाली ठेवून एक थोबाडीत मारली.

"सांगून जाता येत नाही?"

"मी आजोबांना सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. आता इथे मला थांबावंसं वाटतं. पोरीचं गालफड लाल झालं होतं. मी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं? मुलगा रागावला असता. सुनेनं पुन्हा माझ्याजवळ मुलं सोडली नसती. बस. एवढंच. पण सकाळपासून त्या घंटीनं मी पुन्हा कुणीतरी झालो होतो, आणि तेवढं मला सोडवेना. असं मी आज म्हणतो. हे खरं कारण आहे की मागाहून शोधलेलं, मला सांगता येत नाही.

"मले नाई सांगतलं," मी म्हणालो. "मी मोजले ना. चार होते."

"खोटं बोलतेस वर?" सून तिला म्हणाली.

नात गाडीत चढली. एकदाच म्हणाली होती, तेवढंच. म्हातारीनं मात्र आपलं गाठोडं उचललं आणि खाली उतरली. माझी बायको म्हणाली, "अवो बाई, बसा ना, उमरखेड हाय ना तुमाले?"

"राहू द्या. मी येतो मांगून," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. मागून यायला तिथे काहीच येणार नव्हतं. संप होता.

सहस्रकुंडाला आम्ही पोहोचलो. पाणी भरपूर होतं. फोटोत सगळे आहेत, मीही आहे. नातवानं परतीच्या वाटेवर घंटी मागितली नाही. दारव्ह्याला आल्यावर बायकोनं एकदा विचारलं, "तिनं तुमाले सांगतलं होतं का?" मी नाही म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे पाहून भाजी निवडायला बसली.

तिथेच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण घराघरात एखादी म्हण तयार होते, तशी आमच्याकडे झाली. नात म्हणाली की अभ्यास झाला, तर तिचा बाप हसून विचारतो, "झाला, की फाट्यावरचं?" शाळेतून तक्रार आली आणि ती म्हणाली मी नव्हते, तर आई म्हणते, "फाट्यावरचं सांगू नकोस." कुणाच्या मनात वाईट नाही. धाकटा भाऊसुद्धा म्हणतो, त्याला तर ते का म्हणायचं हेही नीट आठवत नसेल. त्या पोरीच्या शब्दावरचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला आणि घरानं त्याचा विनोद केला. मीही दोन-तीनदा हसलो आहे.

परवाच्या दिवाळीत सगळे आले होते. नात आता तेरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागते. मी ओट्यावर बसलो होतो. ती येऊन म्हणाली, "आजोबा, मी समोरच्या दुकानात जाऊन येते."

मी मान हलवली.

ती गेली नाही. तशीच उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत.

"काय झालं, बाई?"

"तुम्ही हो म्हणा ना. मोठ्यानं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दार लावताना कडी ओढून पाहावी, तसं होतं ते. मी म्हणालो, "हो." तेवढ्यानं ती वळली. मग आत जाऊन तिनं आजीला सांगितलं, आईला सांगितलं, आणि गेली.

ती परत येईपर्यंत मी ओट्यावर वाक्य जुळवत बसलो. ती आली, हातात बिस्किटाचा पुडा होता, त्यातली दोन माझ्या हातावर ठेवली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "लई लवकर आलीस." ती हसली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ते पुण्याला निघाले.

जुळवलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं. ते असं होतं: बाई, तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं, उजव्या कानानं, नीट. मी मान हलवली होती. तू खोटं बोलली नाहीस, मी बोललो. मला माफ कर.