मार्थामावशीची कोंबडी आणि आमची दानत

चर्चमध्ये थैली फिरते तेव्हा तिच्यात काय पडतं, ते देवाला ठाऊक आणि खजिनदाराला ठाऊक. पण थैली फिरता फिरता जे किस्से सांडतात, ते सगळे माझ्या पदरात पडतात. मी शेवटच्या बाकावर बसतो ना! रविवारी घरी आलो की रूथ, म्हणजे आमची मंडळी, विचारते, "आज संदेश कशावर होता?" मला संदेश आठवत नाही. किस्सा आठवतो. तो सांगितला की ती हसते आणि मग म्हणते, "तुम्ही देवळात जाता की तमाशाला?"

आमचं चर्च सातपूरला. लहानसंच, बहुतेक सगळी कारखान्यातली माणसं. मी स्वतः प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलं. मशीनच्या वर आवाज चढवायची सवय लागली ती लागलीच, म्हणून हंगामाच्या सणाला लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे आलं. हा सण आम्ही द्राक्षं निघायच्या दिवसांत करतो. ज्याच्याकडे जे पिकतं ते त्यानं वेदीपुढं आणून ठेवायचं. गहू, कांदे, द्राक्षं, अंडी. ज्यांच्याकडे काहीच पिकत नाही ते लोणचं आणतात. भक्ती झाली की अंगणात सगळ्याचा लिलाव, आणि येणारा पैसा गोरगरिबांसाठी. घेणाऱ्याला वाटलं तर तो वस्तू परत देतो, मग मी ती पुन्हा पुकारतो. एकदा एक भोपळा इतक्या वेळा पुकारला की माझा घसा बसला आणि भोपळा होता तिथेच!

* * *

योहानदादा पिंपळगावच्या बाजूचे. द्राक्षबागायतदार. माल परदेशात जातो. दर सणाला द्राक्षाचं क्रेट त्यांचंच.

एका वर्षी पाळकबाईंनी क्रेटमध्ये डोकावून पाहिलं. मणी बारके, काही तडकलेले. पाळकबाई म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या, चर्चच्या धर्मगुरूंच्या, पत्नी. शाळेत शिकवतात, त्यामुळे बोलायला घाबरत नाहीत. म्हणाल्या, "दादा, चांगला माल विलायतेला आणि देवाला हा लोकल?"

योहानदादांनी टोपी काढून हातात घेतली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, विलायतवाले लय वाईट. एक मणी खराब दिसला तर आख्खा कंटेनर परत पाठवत्यात. देव कधी काय परत पाठवत नाय!"

पाळकबाईंनी क्रेट उचलून वेदीपुढं ठेवलं. मात्र पुढच्या सणाला दादांनी आणलेली द्राक्षं पाहिली तर एकेक घड पिशवीत, वर स्टिकर लावलेला. मी विचारलं, "काय दादा, देवाचं मार्केट सुधारलं?" तर म्हणाले, "देवाचं नाय. घरच्यांनी ऐकलं ना ते बोलणं. दोन दिस भाकर नाय वाढली."

* * *

आमचा खजिनदार विल्सन. तरुण पोरगा, कंपनीत अकाउंट्सला. त्याच्या मनानं घेतलं की हल्ली कुणाच्या खिशात सुटे नसतात, तेव्हा चर्चमध्येही क्यूआर कोड पाहिजे. लावला. दुकानात असतो तसा बोलणारा डबाही आणला आणि तो चालू करून वेदीच्या बाजूला ठेवला.

पाळकसाहेब तेव्हा नवे होते. त्या दिवशी ते नेमके सांगत होते की दान गुप्त असावं. एका हाताचं दुसऱ्याला कळू नये. मग मौन प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, सुई पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. आणि डबा खणखणीत हिंदीत बोलला, "दस रुपये प्राप्त हुए!"

कुणीतरी खोकलं. थोड्या वेळानं, "सौ रुपये प्राप्त हुए!" मग, "पाँच सौ रुपये प्राप्त हुए!" विल्सन उठला आणि चोरपावलांनी डबा बंद करायला निघाला. तेवढ्यात मधल्या बाकावरून आवाज आला, "ए, थांब थांब! बंद करू नको! माझं अजून बोललेलं नाहीये!"

एरवीपेक्षा त्या रविवारी अर्पण जास्त झालं. गुप्त दानाचा असा फायदा मी दुसरा पाहिलेला नाही.

* * *

आता मार्थामावशी.

मावशी आमच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहते. नवरा वर्कशॉपमध्ये होता, तो गेला. मूलबाळ नाही. साड्यांना फॉल लावून भागवते. नजर आता साथ देत नाही, म्हणून चर्चतर्फे दर महिन्याला तिला शिध्याची पिशवी जाते. तांदूळ, डाळ, तेल, साखर.

तर हंगामाचा सण आला आणि मावशी साखरेचा पुडा घेऊन आली. आमच्याच पिशवीतला! दुकानाचा शिक्कासुद्धा तोच. विल्सननं ओळखला. तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मावशी, हे आम्ही तुमच्यासाठी दिलंय."

"मला दिलंय ना?"

"हो."

"मग माझं झालं ना?"

"हो, पण…"

"मग माझं मी देते. तुला काय करायचंय?"

अकाउंट्सचा माणूस, पण या हिशेबापुढं त्याचं काही चाललं नाही.

मावशीचा स्वभाव आम्हाला तेव्हाच कळायला हवा होता. तिला एकच पाहिजे होतं. आपणही द्यावं, आणि आपण दिलेलं लोकांनी ठेवून घ्यावं. बस्स. आणि आम्ही सगळे मिळून, अगदी मनापासून, तेवढंच होऊ देत नव्हतो.

* * *

कारण त्यानंतर चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची मीटिंग झाली. मीही होतो. सगळ्यांना वाईट वाटत होतं. "बिचारी पोटाला चिमटा काढून देते." "आपण घेतो हे बरं दिसत नाही." शेवटी असं ठरलं की रविवारी थैली फिरवताना मावशीच्या बाकापुढं ती धरायचीच नाही. म्हणजे तिला संकोच नको.

या आमच्या शहाणपणाला काय म्हणावं! आदल्याच रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या त्या गरीब विधवेवर घसा फोडून संदेश दिला होता, जवळच्या दोनच दमड्या देवाला देणाऱ्या आणि म्हणून सगळ्यांत मोठी दाती ठरलेल्या. आम्ही माना डोलावल्या होत्या. आणि आमच्यातल्या विधवेपुढून थैली पळवायचा ठराव एकमतानं पास केला!

रविवारी गीत सुरू झालं. थैली विल्सनच्या हातात. मावशीचा बाक आला तसा त्यानं पायांचा वेग वाढवला आणि पुढं सटकला. मावशीनं हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.

मग ती उठली. गीत चालू आणि मावशी विल्सनच्या मागं. तो पुढच्या बाकाकडं, ती त्याच्या मागं. तो वळला, तीही वळली. पेटीवाल्यानं हे पाहिलं आणि त्याची लय सुटली. शेवटी माझ्या बाकाशी तिनं त्याला गाठलं, नोट थैलीत टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "विसरलास वाटतं रे बाबा! होतं असं या वयात."

विल्सनचं वय तिच्या निम्म्यानंही नसेल. मला हसू आलं, पण तिचं तोंड पाहिलं आणि हसू आत गेलं. तिचे डोळे भरलेले होते.

* * *

मन हलकं व्हायला एक माझ्यावरचाच किस्सा सांगतो.

नाताळाच्या आधी आम्ही कपडे गोळा करून पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर नेतो. लोक काय काय देतात! एकानं टाय दिला होता. पाड्यावर टाय!

त्या वर्षी रूथला घेऊन आम्ही पहाटे निघालो आणि मी गडबडीत स्वेटर घ्यायला विसरलो. म्हणजे कपाटात शोधला, सापडला नाही. डोंगरात पोचलो तर दात वाजायला लागले. कपडे वाटून झाले. एक म्हातारा माझ्याकडं बघत होता. जवळ आला, अंगातला स्वेटर काढला आणि म्हणाला, "साहेब, तुला थंडी लागली. घाल हा."

स्वेटर हातात घेतला तर माझाच! मरून रंगाचा, कोपराला रूथनं घातलेली वीण.

म्हातारा म्हणाला, "लय ऊब आहे त्याला. कोणी मोठ्या मनाच्या माणसानं दिला."

मी मागं वळून पाहिलं. रूथ गाडीत बसून पदर तोंडाला लावून हसत होती. मोठ्या मनाचा माणूस नव्हता तो, मोठ्या मनाची बाई होती, आणि तेही दुसऱ्याच्या कपाटाच्या बाबतीत! मी जरा वेळ स्वेटर घातला आणि निघताना परत करायला गेलो, तर म्हातारा घेईना. "दिला तो दिला," म्हणाला. रूथनं कशीबशी समजूत घातली तेव्हा कुठं त्यानं घेतला, आणि तोही नाराजीनंच.

* * *

आणि आता कोंबडी.

साखरेनंतरच्या सणाला मावशी एक कोंबडी घेऊन आली. तांबडी, टवटवीत. खोलीच्या मागं तिनं स्वतः वाढवलेली. "ही तुमच्या पिशवीतली नाय," तिनं आल्या आल्या विल्सनला सांगितलं. वेदीच्या पायाला कोंबडी बांधली. संदेश लांबला तसतशी ती कुरकुरायला लागली, आणि आमच्या सगळ्यांच्या वतीनं कुरकुरतेय असंच मला वाटलं.

लिलावात योहानदादांनी चढा भाव दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीचा चेहरा काय फुलला होता म्हणता! तेवढ्यात दादांनी कोंबडी उचलली आणि तिच्याच हातात ठेवली. "मावशी, पैसे दिले मी. कोंबडी तुमच्यापाशीच राहू द्या. अंडी खात जा."

पुन्हा टाळ्या. काय तो दिलदारपणा! मावशी कोंबडी काखेत मारून घरी गेली.

पुढच्या वर्षी तीच कोंबडी पुन्हा आली. या वेळी पाळकसाहेबांनी घेतली. संध्याकाळी पाळकबाई स्वतः मावशीच्या दाराशी ठेवून आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी विल्सननं घेतली. त्यानं तर घरापर्यंतही नेली नाही, अंगणातच परत केली. कोंबडीलाही आता सगळं पाठ झालं होतं. मी पुकारायला लागलो की ती आपणहून मावशीकडं तोंड करायची!

त्या दिवशी मावशी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, माझ्या हातचं काय बाटतं का रे?"

"असं काय बोलता मावशी! प्रेमानं देतात सगळे."

"देतात ना. सगळे देतातच. घ्यायला कुणाला सांगू?"

 मी लिलाव पुकारणारा माणूस, पण त्या दिवशी पुढचे कांदे पुकारताना भावच चुकलो. फार वाईट वाटलं.

* * *

मग यंदाचा सण.

वेदीपुढं गहू, कांदे, दादांची स्टिकरवाली द्राक्षं, सगळं मांडून झालं. गीत सुरू झाल्यावर मावशी आली. हातात कोंबडी नाही. फडक्यात बांधलेलं मोठं पातेलं. ते तिनं द्राक्षांच्या शेजारी ठेवलं आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.

हळूहळू वास पसरला. भाजलेलं खोबरं, काळा मसाला. पहिला बाक हलला, मग दुसरा. विल्सन प्रार्थनेत डोळे उघडून बघत होता. पाळकसाहेबांचा त्या दिवशीचा संदेश आमच्या चर्चमधला सगळ्यात छोटा ठरला.

अंगणात टेबलावर मी पातेलं ठेवलं, फडकं सोडलं, झाकण काढलं. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग.

"मावशी," मी विचारलं, "ही…"

"व्हय. तीच."

 कुणाला कुणाकडं बघवेना.

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हं, पुकार की भाऊ! आणि आता करा परत. बघतेच मी, कोण करतंय!"

मी पुकारलं.  योहानदादांनीच घेतलं. सवयीनं ते मावशीकडं वळले, तोंड उघडलं, आणि तसेच थांबले. कारण मावशीच्या हातात पळी होती.

"बघताय काय? वाट्या आणा."

पाळकबाई पळत जाऊन वाट्या घेऊन आल्या. भाकरी कुठून आल्या मला ठाऊक नाही, पण आल्या. मावशीनं एकेकाला स्वतःच्या हातानं वाढलं. पाळकसाहेब, विल्सन, मी, रूथ, सगळे अंगणात मांडी घालून बसलो.  मावशी आमच्यामधून फिरत होती. "घे अजून. लाजू नको."

पातेलं रिकामं झालं तशी पाळकबाईंच्या लक्षात आलं. "अगं बाई! मावशी, तुमच्यासाठी काहीच नाही राहिलं!"

मावशीनं पातेलं तिरकं करून आत नीट बघितलं. "नाय ना? काहीच नाय?"

"नाही हो."

"बरं," मावशी म्हणाली आणि पायरीवर टेकली. इतकी निवांत बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

योहानदादा अजून पहिल्याच फोडीशी झगडत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मावशी, रस्सा एक नंबर. पण कोंबडी लय चिवट हाय वो!"

मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"धर्माची गाय, अन् म्हणे दात का नाय! खा गुमान."