बाणामागचं चिन्ह

मुलगी पुण्याला नोकरीला लागल्यापासून आमचं बोलणं कॉम्प्युटरवरच्या चॅटवर चालायचं. तिचा निरोप आला की पडद्याच्या खालच्या पट्टीतल्या चिन्हावर लाल ठिपका उमटे. मागच्या आठवड्यात ते चिन्हच गायब झालं. बिघडला तो कॉम्प्युटर की रुसली ती पोरगी, काही कळेना. फोन करावा, तर 'तुझं तू बघ' म्हणून आधीचा फोन आपटणारा मीच. शेवटी अख्खा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून रिक्षाने आमच्याच गावातल्या नवी पेठेत दुरुस्तीला नेला.

दुरुस्तीवाल्याने मशीनला हात लावण्याआधी माझी चुरगळलेली चादर झटकली, काठाला काठ जुळवून तिची घडी केली. मग मोबाइलचं नेट जोडून पडद्याकडे पाहिलं.

"काका, बिघडलं काय न्हाय की. चिन्ह ह्या बाणाच्या मागं लपलंय. एवढ्यासाठी सगळं उचलून आणलं व्हय?"

त्याने चिन्ह ओढून पट्टीत आणलं. ठिपका नव्हता. मी उगाच घसा खाकरला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माउसवरचा हात थांबवला.

"दिसू दे, का परत लपवू? समोर असलं की वाट बघावी लागती."

"दिसू दे," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी त्या पट्टीसमोर सारखा ऊठबस करत राहिलो. बायको म्हणाली, "आता हळदीकुंकू वाहा त्याला." अखेर मीच लिहिलं, 'चुकलं माझं. जेवलीस का?' आणि चादरीची घडी घालत बसलो. तीनदा मोडली, तीनदा घातली. त्या दुरुस्तीवाल्यासारखा काठाला काठ काही जुळेना.

मान वर केली, तर पट्टीत लाल ठिपका.