हर्सूलची कूपे आणि पुंडलिकनगरची कूपे

"मॅडम, हिचाही नंबर जुळत नाही?"

मी बॉनेटखाली वाकले होते. "नाही," मी म्हणाले.

विचारणारे देशमुख साहेब पुण्याचे, जुन्या गाड्यांचे संग्राहक. त्यांना एकच जर्मन कूपे घ्यायची होती आणि आमच्या शहरात एकसारख्या दोन विकायला निघाल्या होत्या. कूपे म्हणजे दोनच दारांची, मागं छत उतरत गेलेली गाडी. मॉडेल एक, वर्ष एक. कोणती घ्यावी, हे सांगायचं काम माझं. वाळूजच्या एका कारखान्यात बरीच वर्षं गाड्यांचं बॉडी इन्स्पेक्शन केलं, आता हेच करते.

सकाळी हर्सूलला रफिकभाईंची गाडी पाहिली. ते गॅरेजवाले. रंगाची जाडी मोजणारं मीटर सगळीकडं सारखंच रीडिंग देत होतं. म्हणजे ठोकून, पुट्टी भरून रंगवलेलं काही नाही. फक्त इंजिनावर कोरलेला नंबर आरसीतल्या नंबराशी जुळेना. म्हणजे मूळ इंजिन गाडीत नाही. संग्राहक अशी गाडी सहसा घेत नाहीत.

दुपारी पुंडलिकनगरला उज्ज्वलाताई गायकवाडांच्या अंगणात तेच. गाडी त्यांच्या मिस्टरांची, डॉक्टरांची. ते मागच्या वर्षी गेले. गाडीचा तळ गंजलेला, इंजिन मात्र सुरेख. मी मोबाइलमध्ये सकाळी घेतलेला इंजिन नंबरचा फोटो उघडून ताडून पाहिला. या गाडीचं इंजिन हर्सूलच्या गाडीत होतं आणि तिचं हिच्यात.

"मला यातलं काही माहीत नाही," उज्ज्वलाताई म्हणाल्या. डॉक्टरांच्या गाडीचं काम रफिकभाईच करायचे, म्हणून त्यांनी त्यांना फोन लावला. ते लगेच आले.

"व्हय, मीच बदललं. डॉक्टर साहेबांचं इंजिन जाम झालतं. पार्ट यायला लई टाइम लागणार होता, अन् तेवढा त्यांच्याकडं नव्हता. म्हणले, रफिक, एकदा म्हैसमाळचा घाट चढायचाय. मंग माझं काढून बसवलं. त्यांचं नंतर दुरुस्त करून माझ्यात टाकलं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच नको म्हणलं. तुम्ही बाजूला बसणार होत्या ना. म्हणले, तिला वाटू दे आपलीच गाडी चढतीय."

उज्ज्वलाताई पायरीवर बसल्या.

देशमुख साहेबांनी घसा साफ केला. "मग सोपं आहे. इंजिनं परत बदला. हर्सूलची मी आजच घेतो."

सल्ला बरोबर होता. मीही तोच दिला असता.

"बदला, रफिकभाई," ताई म्हणाल्या. "तुमचंच आहे ते."

"नाय ताई. ते दिलेलं हाय." रफिकभाईंना गॅरेज कायमचं बंद करायचं होतं, गुडघे साथ देत नव्हते, गिऱ्हाईक समोर उभं होतं. तरी ते हलले नाहीत.

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगा मॅडम."

"दोन्हींत हर्सूलची चांगली. पण इंजिनं बदलणार नसतील, तर तुमच्या कलेक्शनसाठी दोन्ही नाहीत."

साहेब रागावले नाहीत. दोघांशी हात मिळवून पुण्याला परतले. पुढं हर्सूलची गाडी वाळूजच्या एका कारखानदारानं घेतली. मी त्यांना इंजिनाचं सगळं सांगितलं, तर म्हणाले, "चालते ना? मग झालं." उज्ज्वलाताईंनी आपली विकायचं रद्द केलं. रफिकभाईंनी तिचा तळाचा पत्रा बदलून दिला.

दोन गाड्यांत चांगली कोणती, असं कुणी विचारलं की मी आता मीटर काढायच्या आधी एक प्रश्न विचारते. गाडी ठेवायला हवी की चालवायला?